हरणी पाणी पीत नाही

२ मार्च, रविवार

कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेली ही डायरी आठ महिने कपाटात पडून होती. आज तिला काम मिळालं.

छत्तीस वर्षं मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलो. उसाने भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, आकडा लिहायचा. ऊस खाली करून आली की तीच गाडी रिकामी घ्यायची, पुन्हा आकडा लिहायचा. लिहून ठेवल्याशिवाय कुठलीही गोष्ट घडली असं मला वाटतच नाही. बायको म्हणते, "आपलं लगीन झालंय हे तुमाला पत्रिका वाचूनच कळलं आसंल." बायकोचं नाव कुशाबाई. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मीही तिला कुशाबाईच म्हणतो. नुसतं कुशा म्हणायची छाती झाली नाही.

तर विषय गोठ्याचा. कन्हेरीतलं आमचं घर रस्त्याला आणि गोठा तीनशे फूट खाली, विहिरीजवळ. गोठ्यात एकच गाय, हरणी. तीन दिवसांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून कुशाबाईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवली. डेअरीत कार्डही कुशाबाईच्याच नावाचं आहे. घर माझ्या नावावर, शेत माझ्या नावावर, मोटारसायकल मुलाच्या. कुशाबाईच्या नावावर या जगात एवढी एक गाय. दोन वेळचं मिळून पंधरा लिटर देते.

गोठ्यात उजेड नव्हता. पहाटेची धार बॅटरीच्या उजेडात. आज मी तो प्रश्न सोडवला. विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीतून एक फेज, म्हणजे वीज येते ती तार, घेतली. दुसरी तार, न्यूट्रल, तिथे नसतेच. मग मळ्यामळ्यांतून करतात तेच केलं. लोखंडी पहार जमिनीत ठोकली आणि दिव्याची दुसरी तार तिला बांधली. दिवा लागला!

नात श्रिया तिचं आठवीचं विज्ञानाचं पुस्तक इथेच विसरून गेली आहे, त्यात पाहिलं. वीज निघते तिथे तिला परत जावंच लागतं. एका तारेने ती दिव्यात आली, पहारीतून जमिनीत उतरली आणि मातीतून चालत डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी गेली, कारण डीपीचीही एक तार जमिनीत पुरलेली असते. म्हणजे कन्हेरीची जमीन ही माझी दुसरी तार. बासष्टाव्या वर्षी हे कळलं याची लाज वाटायला हवी, पण मजाच जास्त वाटली.

पहार कुठे ठोकायची यावर मी विचार केला होता. कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही, ओल हवी. गोठ्यात बारमाही ओल एकाच ठिकाणी, हरणीच्या मागे मूत वाहून जातं त्या मोरीत. तिथेच ठोकली.

४ मार्च

दिवा तांबूस जळतो. श्रियाच्या पुस्तकात मिठाच्या पाण्याचा प्रयोग आहे. पहारीभोवती आळं करून दोन किलो खडेमीठ आणि चार बादल्या पाणी ओतलं. दिवा डोळ्यांदेखत पांढरा झाला! मी एकटाच टाळ्या वाजवल्या. कुशाबाई म्हणाली, "दिव्याला मीठ कमी पडलं हुतं व्हय? आमटीत पडतं तवा सांगत न्हाय कुनी."

९ मार्च

हरणी संध्याकाळी हौदावर तोंड नेते, नाकपुड्या फुगवते आणि मागे घेते. दोनतीनदा असं करून मग थोडं पिते. हौद मीच बनवून घेतलेला आहे, लोखंडी. त्याला विहिरीतून सरळ लोखंडी पाइप आणला आहे. पाणी स्वच्छ. चव घेऊन पाहिली. उन्हाळा लागतोय, पाणी तापत असावं.

दूध तेरा लिटर.

१२ मार्च

आज दुपारपासून वीज नव्हती. हरणीने संध्याकाळी अर्धा हौद रिकामा केला. कुशाबाई म्हणाली, "लाईट गेली तवा प्याली बघा." मी म्हणालो, आज आभाळ आलं होतं, पाणी गार राहिलं. कार्यकारणभाव तिला समजावून सांगितला. दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवत नाही. ती म्हणाली, "बरं."

१६ मार्च

दूध अकरा. उकाडा हेच कारण, शंका नको. संकरित गाईला उन्हाळा सोसत नाही असं सगळेच सांगतात. आज गोठ्यात पंखा बसवला. जोडणी तीच, पेटीतली फेज आणि पहार. दिवा थोडा मंदावला म्हणून आळ्यात पुन्हा मीठपाणी घातलं.

पंख्याखाली हरणी उभ्या उभ्या पाय बदलत राहते. पुढचा उचलते, मग मागचा. वाऱ्याची सवय नाही.

२३ मार्च, रविवार

दूध नऊ. गुरांचे डॉक्टर येऊन गेले. ताप नाही, कास चांगली, दात चांगले. पाण्याची जागा बदलून बघा म्हणाले. हौद काय खांद्यावर घेऊन फिरू?

कुशाबाईने खुंट्याला लिंबू-मिरची बांधली आहे. मी हसलो. छत्तीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाच्या गोठ्यात लिंबू-मिरची! ती म्हणाली, "मग तुमचा काटा काय म्हणतोय तिच्या दुखन्याला?" मी उष्म्याबद्दल बोललो.

धारेच्या वेळी पंख्याचं बटण दोनदा बंद सापडलं. कुशाबाईची काटकसर. मी पुन्हा चालू केलं. जनावराच्या जिवापेक्षा वीज मोठी नाही, असं तिला सुनावलंही.

२७ मार्च

कुशाबाईला घेऊन बारामतीला दवाखान्यात गेलो. आठ दिवसांपासून हातापायांना मुंग्या येतात म्हणते. तिचं म्हणणं नेहमीप्रमाणे गोल गोल: "हौदात हात घातला की येत्यात. चप्पल घातली की येत न्हाईत. घरी येत न्हाईत." डॉक्टरांपुढे मी तिची तक्रार नीट मांडली, म्हणजे हातापायांना मुंग्या, वय अठ्ठावन्न, आईला मधुमेह. चप्पल आणि हौद सांगून त्यांचा वेळ घालवला नाही. साखर नॉर्मल निघाली. ताकदीच्या गोळ्या दिल्या.

परत येताना ती एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली. तिला साखरेची भीती बसली असावी. आई त्यानेच गेली. मी भजी घेऊन दिली, तीही खाल्ली नाहीत.

मला स्वतःला गोठ्यात काही जाणवत नाही. पण मी कारखान्याचे गमबूट घातल्याशिवाय शेणात पाय ठेवत नाही. स्वच्छता ही सवय आहे.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. सकाळपासून वीज नाही. हरणीच्या शिंगांना गेरू लावला, ती शांत उभी होती. संध्याकाळची एकच धार साडेसहा लिटर! बहुतेक सणाचा गोड घास मानवला. उद्यापासून पेंडीत गूळ घालायचा.

३१ मार्च

गूळ घातला. दिवसाचं दूध सात. गुळाचा उपयोग नाही.

४ एप्रिल

पंखा पुरत नाही हे उघड आहे. आज पाव एचपीची मोटर लावून पत्र्याखाली पाण्याचे बारीक फवारे बसवले. धुकं पडल्यासारखं दिसतं. असा थाट गावात कुणाच्या गोठ्याचा नाही. मोटर ओढायला जरा जड, म्हणून आळ्यात तीन किलो मीठ.

चालू केल्यावर हरणीने दोन्ही मागचे पाय झाडले आणि दावं ताणून पुढच्या भिंतीला चिकटून उभी राहिली. गार पाण्याचा शिडकावा अंगावर पडला की माणूसही दचकतोच.

६ एप्रिल

कुशाबाईचं एकच पालुपद: "ती पहार रवल्यापासनं हे सुरू झालंय." मी शास्त्र मानणारा माणूस. कुणाचंही म्हणणं तपासल्याशिवाय फेटाळत नाही. टेस्टर घेऊन गेलो आणि तिच्यासमोर हौदाला लावला. पेटला नाही. पाइपाला लावला, पेटला नाही. खुंट्याला, गव्हाणीला, कुठेच नाही. पहारीपाशी मिणमिणल्यासारखा वाटला, पण तो कवडशाचा भास असणार. शंका फिटली.

कुशाबाई म्हणाली, "त्या दांडीला कळत न्हाय म्हनून काय हरणीला बी कळत न्हाय?"

११ एप्रिल

विचित्र गोष्ट. ऐन उन्हाळ्यात पहारीच्या आसपास गांडुळं वर आली आहेत. पंधरावीस तरी होती. कोंबड्या येऊन टिपत होत्या, त्यांना तिथे काही त्रास दिसला नाही. माती जिवंत असल्याची खूण! आमचा कुत्रा मात्र मोरीजवळची गार जागा सोडून हल्ली बांधावर उन्हात झोपतो. कुत्र्यांना काय कळतं!

दूध सहा. धार काढताना लाथ मारते. हरणी आणि लाथ! हिच्या पोटाखालून श्रिया सुट्टीत रांगत पलीकडे जायची.

पुण्याहून मुलगा ऋषिराज फोनवर म्हणाला, "बाबा, चारा दोघींचा खाते आणि दूध शेळीएवढं देते. विकून टाका. आईचे गुडघेही सुटतील." चूक काय आहे त्यात? कुशाबाईला सांगितलं. ती ताट वाढत होती. वाढत राहिली. पोळीवर पोळी, पोळीवर पोळी. मी बास म्हणेपर्यंत पाच झाल्या होत्या.

१८ एप्रिल, शुक्रवार

इंदापूरचे आप्पासाहेब गाय बघायला आले. वीस गाईंचा गोठा आहे त्यांचा. जुन्या रिवाजाचे गृहस्थ, दोन धारा डोळ्यांनी बघितल्याशिवाय दाव्याला हात लावत नाहीत. आज सांजेची, उद्या पहाटेची, मुक्काम आमच्याकडे. मला धास्ती होती. त्यात दुपारीच डीपीचा फ्यूज गेला. दिवा नाही, पंखा नाही, फवारे नाहीत. म्हटलं, आता ही सगळी शोभा करणार.

पण हरणीने हौद जवळजवळ तळाला नेला. पान्हा असा सोडला की कुशाबाईने कासेला हात लावायचा अवकाश. सव्वासात लिटर! आप्पासाहेब म्हणाले, "सावळारामराव, आसली गाय तुमी देताय कशापायी?" मी कुशाबाईकडे बघितलं नाही.

आकडे खुशीने लिहितो आहे, पण लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं हेही लिहायला पाहिजे.

१९ एप्रिल

झाली फजिती. पहाटे वीज आली होती. पाहुण्यांसमोर कमी नको म्हणून मी धारेआधीच दिवा, पंखा, फवारे, सगळं चालू केलं. आप्पासाहेब पायात बूट घालून बाजूला खुर्चीवर. हरणीने पाण्याला तोंड लावलं नाही. कुशाबाईने सडाला हात घातला तशी लाथ बसली, बादली उडाली, कुशाबाई शेणात. दूध मोजायला दीड लिटर उरलं.

आप्पासाहेब उठले. "गाय गरीब दिसती, पर मनात काय तरी हाय तिच्या. मी न्हेत न्हाय. राग मानू नगा."

ते गेल्यावर कुशाबाई म्हणाली, "काल सांजच्याला लाईट न्हवती."

मी म्हणालो, तुला दुसरं काही सुचतच नाही का? असं मोठ्याने बोलायला नको होतं. तिच्या कोपराला लागलं होतं. हळद लावतो म्हणालो तर नको म्हणाली.

२० एप्रिल

ठरलं. गुरुवारी बारामतीच्या बाजारात. टेम्पो सांगितला आहे. बाजारात कुणी दोन धारा बघायला थांबत नाही. कुणाच्या हाती पडेल, देव जाणे.

कुशाबाई दुपारभर हरणीला कालव्यावर घेऊन बसली होती. मी लांबून पाहिलं. गाय खुशाल पाणी पीत होती आणि ही तिच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी बोलत होती. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्याशी सलग एवढं बोलल्याचं आठवत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते झालं तसं लिहितो.

उजवा गमबूट टाचेला फाटला. नवा आणेपर्यंत अनवाणीच गोठ्यात गेलो. फवारे चालू, जमीन ओली. हरणीच्या जागेवरून पुढे वाकून हौदात हात घातला. बोटांपासून दंडापर्यंत मुंग्यांची रांग धावली आणि पोटऱ्या आखडल्या. हात आपोआप बाहेर आला. नाकपुड्या फुगवून मागे सरणारी हरणी डोळ्यांसमोर आली. मी अगदी तसाच मागे सरलो होतो.

पुन्हा हात घातला, पुन्हा मुंग्या. बटण बंद करून घातला, काही नाही. चालू केलं, मुंग्या. एका पायावर उभा राहून, मग दोन्ही पाय फाकवून, मग गोणपाटावर उभा राहून घातला. पाचसहा वेळा केलं असेल. आधी नुसतं कुतूहल वाटत होतं, खरंच सांगतो. हे कसं, हे का, एवढंच डोक्यात. मग एकदम आठवलं की दवाखान्यात मी चप्पल आणि हौद सांगितलं नव्हतं. तिथेच गव्हाणीवर बसलो.

बटण बंद केलं. घरी काही बोललो नाही. धीर झाला नाही. वायरमन बिरूला उद्या सकाळी मीटर घेऊन ये म्हणून सांगून आलो.

२३ एप्रिल, बुधवार

बिरू आला. पहार कुठे आहे ते बघून आधी कपाळावर हात मारून घेतला. "तात्या, समदे ठोकत्यात म्हनून तुमी बी ठोकली. ठोकायचीच न्हाय आशी. आन् तुमी तर गाईच्या ढुंगणामागं, मिठात घालून!"

मी म्हणालो, टेस्टर तर पेटला नाही.

"त्यो मोठ्या दाबाला पेटतो. आन् हौदात वीज हायच कुठं? हौद विहिरीला जोडलाय, त्यो गप हाय. वीज तुमच्या मातीत हाय."

मग त्याने दोन खिळे घेतले. एक हरणीचा मागचा पाय असतो तिथे जमिनीत रोवला, मीटरची एक तार त्याला, दुसरी हौदाला. नुसता दिवा, दोन व्होल्ट. पंखा लावला, चार. फवाऱ्याची मोटर लावली, सतरा. मी उकाडा कमी करण्यासाठी एकेक वस्तू लावत गेलो आणि आकडा चढत गेला. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हेच.

नंतर मीच खिळे हलवून पाहिले, राहवेना. एक खिळा मागच्या पायाच्या जागी, एक पुढच्या, नऊ व्होल्ट. माणसाच्या पावलाएवढं अंतर ठेवलं, आकडा कमी. कोंबडीच्या दोन पायांएवढं ठेवलं, एकसुद्धा नाही. पहारीपासून लांब जाऊ तशी वीज मातीत उतरत जाते, शेताला उतार असतो तशी. कोंबडी त्या उतारावर इतके जवळ पाय ठेवते की तिला उतार कळतच नाही. हरणीचा एक पाय वर आणि एक पाच फूट खाली, आणि तोंड पार तळाशी, हौदात. म्हणून कोंबड्या मजेत आणि हरणी बेजार. म्हणून गांडुळं बिचारी बाहेर. मी त्यांना मातीची खुशाली समजलो!

आणि एक गोष्ट मला काट्यावरच्या माणसाला कुणी सांगायला नको होती. नुसती भरलेली गाडी तोलून ऊस कळत नाही. रिकामीही तोलावी लागते. ऊस म्हणजे दोन आकड्यांमधला फरक. विजेचा धक्काही फरकच. मी टेस्टर घेऊन एकेका जागेला विचारत बसलो, तुझ्यात वीज आहे का? दोन जागांमधला फरक विचारला नाही. छत्तीस वर्षं तेच काम केलं आणि स्वतःच्या गोठ्यात विसरलो.

बिरू म्हणाला, "तात्या, ती पहार सैल झाली आसती किंवा तार तुटून चिखलात पडली आसती, तर धारेची कासंडी धरलेल्या बाईचं काय झालं आसतं, सांगू का?" मी म्हणालो, नको सांगू.

दुपारपर्यंत घराच्या मीटरवरून न्यूट्रलसकट केबल ओढली, गळती झाली तर आपोआप बंद होणारा स्विच बसवला. पहार मी स्वतः उपटली. मिठाची माती खणून बांधापलीकडे टाकली.

मग कुशाबाईला सांगितलं. सगळं, खिळ्यांसकट. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं.

मी म्हणालो, "तुला कळलं होतं तर नीट सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "सांगितलं की. चार डाव सांगितलं. तुमी लिवून ठेवलं."

खोलीत येऊन डायरी उघडली. बारा मार्च. सत्तावीस मार्च. सहा एप्रिल. एकोणीस एप्रिल. तिचे शब्द, माझं अक्षर, चांगलं वळणदार. शब्दही इकडचा तिकडे नाही. बटण बंद सापडल्याचंही आहे, काटकसर म्हणून. काखेत कळसा हे माझ्याहून कुणाला लागू पडेल? मला रडू आलं. लिहितो, कारण आलं.

२४ एप्रिल, गुरुवार

सकाळी सातला टेम्पो दारात. ड्रायव्हरला म्हणालो, थांब. मला हरणीने पाणी पिऊन दाखवलेलं हवं होतं. बिरूने मीटर लावून शून्य दाखवलं होतं, तरी.

हरणी हौदापाशी गेली, नाक फुगवलं आणि मागे झाली. पुन्हा तसंच. पूर्वी वीज गेली की लगेच प्यायची, पण एकोणीस तारखेनंतर ती कालव्यावरच पीत होती, हौदावरचा विश्वास उडाला होता. ड्रायव्हर म्हणाला, "तात्या, गाडीत घालू का?" माझं पाणी पाणी झालं. मीटर शून्य म्हणतोय, पण हरणीने मीटर वाचलेलं नाही. दीड महिना त्या पाण्याने तिला चावलं होतं.

कुशाबाई बाजूला उभी होती, कोपराला फडकं बांधलेलं.

मी गमबूट काढले. कडेला ठेवले. हरणीच्या शेजारी, तिच्या मागच्या पायांच्या जागी उघड्या पायांनी उभा राहिलो. शेण बोटांमधून वर आलं. परवाचं आठवून हात पुढे होईना, खोटं कशाला लिहू? मग वाकून दोन्ही हात कोपरापर्यंत हौदात घातले आणि तसाच राहिलो. ओंजळीने तोंडावर पाणी घेतलं, प्यालो. हरणी बघत होती. तिचा श्वास माझ्या कानाशी लागत होता.

बऱ्याच वेळाने तिने माझ्या हातापाशीच ओठ टेकवले. थबकली. मग प्यायला लागली. असा आवाज करत प्यायली की ड्रायव्हरनेच टेम्पोचं फाळकं लावून टाकलं.

"आता गमबूट घाला," कुशाबाई म्हणाली. "न्हायतर तुमालाच दवाखान्यात न्यावं लागंल." आणि खुंट्याची वाळलेली लिंबू-मिरची सोडून माझ्या हातात दिली. "ही बी ठिवा डायरीत."

दूध मोजलं नाही आज.

२ मे

दूध चौदा. कुशाबाईच्या मुंग्या गेल्या, गोळ्या बंद. कुत्रा मोरीजवळ झोपायला परत आला. आप्पासाहेबांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते आता त्यांच्या गोठ्यातल्या पहारी शोधत आहेत.

हे लिहीत होतो तेवढ्यात कुशाबाई दारातून म्हणाली, "त्या पंख्याचा आवाज बदललाय."

लिहायच्या आधी उठून गेलो. बेअरिंग गेलं होतं.